मेश्रामांचे घर कोणत्या अंगाला

मेश्रामांचे घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे, असे फोनवरून विचारणाऱ्याने स्वतःचे नाव सांगितले नव्हते. फोन नथ्थूच्या दुकानावर आला होता. बालाघाट जिल्ह्यात किरनापूरच्या रस्त्याला लागून असलेल्या भुरसाटोल्यात किराणा आणि चहा असे दोन्ही विकणारे ते एकच दुकान. पाटीवर नंबर रंगवलेला होता. तो नंबर कोणाच्याही मोबाइलमधल्या नकाशात दिसतो, हे नथ्थूला त्या दिवशीच कळले.

"मी म्हटलं, कोन्या मेश्रामाचं? गावात नऊ घरं आहेत मेश्रामाची," मिठाची पुडी पुढे करत त्याने तुळसाबाईला सांगितले. "तं म्हने, ज्याइची पोरगी अमेरिकेत आहे त्याइचं. विहाराजवळ रायतेत का देवळाजवळ?"

"मंग तू काय सांगतलं?"

"मी काय सांगन? म्हटलं, येऊन पाहून घे."

"खरं सांग, नथ्थू."

नथ्थूने तराजूचे पारडे विनाकारण पुसले. "विहाराजवळ म्हटलं वो काकी. त्याच्यात लपवाचं काय आहे?"

तुळसाबाईने पुडी पदरात बांधली आणि ती घराकडे वळली. लपवायचे काय आहे, हे तिला नथ्थूला सांगता आले नसते.

तिची मुलगी संघमित्रा अमेरिकेला गेली त्याला चार वर्षे झाली होती. ओहायो नावाच्या राज्यातल्या एका लहान शहरात, रुग्णालयांसाठी संगणकाचे काम करणाऱ्या कंपनीत ती होती. पहिले वर्ष ती दोन मराठी मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहिली. तेव्हाच्या एका सकाळच्या फोनवर बोलता बोलता ती आवाज उतरवून म्हणाली होती, "आई, कॅमेरा जरा तिकडं कर वो." तिकडे म्हणजे खिडकीकडे. इकडच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. मुलगी आणखी काही बोलली नाही आणि आईने विचारले नाही. पुढच्या आठवड्यात तुळसाबाईने बियाण्याच्या दुकानातून मिळालेले मोठे कॅलेंडर तसबिरीवरून त्याच खिळ्याला अडकवले. फोन आटोपला की ती ते उतरवून ठेवी. कधी कोणी हे ठरवले नव्हते; पण चार वर्षे तसे चालले होते. संघमित्राने तो फ्लॅट सोडला तरी चालले होते.

नवरा सुखराम हे पाहत असे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन त्याच्याकडे असे. सहा वर्षांत एकही संध्याकाळ चुकली नव्हती. एकदाच तो चष्मा पुसत म्हणाला होता, "फोन आला का बाबासाहेब कोठी जातेत वो?"

ती कॅलेंडरची सुरळी करत राहिली होती.

*

धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, ऐन भरात होता. तुळसाबाईच्या टोळीत अकरा बाया होत्या, सगळ्या विहाराकडच्या. त्या आठवड्यात मैनाबाईच्या धानशेतातल्या बांध्या चालू होत्या. मैनाबाई कुणब्याची, विधवा. मुलगा बालाघाटला, आणि पाच एकर धान तिच्या एकटीच्या हिमतीवर. तिची बांधी आणि तुळसाबाईची दीड एकराची बांधी यांच्यामध्ये एकच धुरा, मातीचा बांध, होता.

सकाळपासून झिमझिम थांबली नव्हती. पाठीवर प्लास्टिकची पन्नी बांधून बाया ओळीने मागे सरकत होत्या. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे भातरोपांची, जुडी, उजव्या हाताची तीन बोटे चिखलात, बाहेर, पुन्हा चिखलात. तुळसाबाईच्या पायांच्या बोटांमधली कातडी चिखल्यांनी सोलून निघाली होती. पाण्यात उभे असताना ते दुखत नसे. बाहेर आल्यावर दुखे. कंबर तिने दुपारपर्यंत सरळ करायची नाही असे ठरवले होते, कारण एकदा सरळ केली की पुन्हा वाकताना जास्त त्रास होतो.

धुऱ्यावर मोटारसायकल थांबली. रेनकोट घातलेला तिशीतला माणूस उतरला. गळ्यात प्लास्टिकमध्ये ओळखपत्र, हातात पाटीएवढा मोबाइल.

"संघमित्रा मेश्राम की माताजी कौन हैं?"

तुळसाबाईने कंबर सरळ केली. "मी. काहून?"

"विवेक नाम है मेरा. नागपुर से आया हूँ, कंपनी के काग़ज़ की जाँच है. दो मिनट लगेंगे, माताजी."

असा माणूस पूर्वीही एकदा आला होता, संघमित्राला नोकरी लागली तेव्हा. त्याने दाराचा फोटो काढला होता आणि चहा पिऊन गेला होता. तुळसाबाई चिखलातून धुऱ्याशी आली, पण वर चढली नाही. नवऱ्याचे नाव, शेती किती, गावात किती वर्षे, मुलगी शिकली कुठे. तिने एकेक सांगितले. तो बोटाने काचेवर टिपत होता.

"और आप लोग किस समाज से हैं?"

"पयल्या वेळी हे नव्हतं विचारलं."

"इस बार के फ़ॉर्म में है, माताजी. जो है, वही बता दीजिए."

तो अदबीने बोलत होता. तुळसाबाईला त्या अदबीचीच भीती वाटली. नथ्थूच्या दुकानावर फोन करणाराही म्हणे असाच गोड बोलला होता. फोनवर नथ्थूने सांगितले ते पक्के करायला आता माणूस पाठवला. मुलीच्या फ्लॅटमधल्या मुली, तिकडे आपल्या लोकांनी घेतलेल्या हॉलमधली माणसे, कोणाला तरी हवे आहे हे. चार वर्षे कॅलेंडर लावून राखलेली गोष्ट हा माणूस दोन मिनिटांत घेऊन जाणार होता.

"कुणबी," ती म्हणाली.

मागे बायांचे हात थांबले. पाण्यात बोटे बुडण्याचा सकाळपासून चाललेला तो एकसारखा आवाज एकाएकी बंद झाला.

"मेश्राम, कुणबी?"

"हौ. आमच्याकडं रायतेत."

"एक पड़ोसी का दस्तख़त लगेगा."

मैनाबाई छत्री घेऊन धुऱ्यावरच उभी होती. विवेकने तिच्याकडे वळून विचारले, "ये बराबर बोल रही हैं?"

मैनाबाईने तुळसाबाईकडे पाहिले. चांगला वेळ पाहिले. मग म्हणाली, "हौ. बराबर बोल रही. हमारेच में की है."

मैनाबाईने काचेवर बोटाने सही केली. मग तुळसाबाईने बोट मांडीवर पुसले आणि तिनेही केली. तरी काचेवर चिखलाची एक रेघ उमटलीच. विवेकने ती रुमालाने हळूच टिपली, सही पुसली जाऊ नये म्हणून.

मोटारसायकल दिसेनाशी झाल्यावर मैनाबाई छत्रीसकट हसली. "तुळसे, आज तं तू आमच्यात आली वो! सांगतलं असतं तं लुगडं नेसवलं असतं."

एकही बाई हसली नाही.

"पोरीचं काही अडकलं असन म्हनून म्हटलं मी हौ," मैनाबाई जरा नरमून म्हणाली. "पन मले कायले घुसवलं त्याच्यात? उद्या काही निंगालं तं?"

"काही नाई निंगत," तुळसाबाई म्हणाली आणि वाकली.

संध्याकाळी उद्या किती बाया लागतील ते ठरवायला ती मैनाबाईच्या घरी गेली. शेतावर आता नथ्थूचा चहा कागदी ग्लासांत येई, सगळ्यांना सारखाच. घरी मात्र जुनीच रीत होती. तुळसाबाईने ओट्याच्या कडेशी उभी राहून वळचणीत हात घातला, वाशामागे खोसलेला कान तुटलेला कप काढला, टाक्यावर विसळला आणि पुढे धरला.

"आता आमच्यातली झाली ना तू?" मैनाबाई गमतीने म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे वीतभर वरून चहा ओतला.

*

सुखरामला हे विहारात कळले. टोळीतल्या बायांपैकी कोणी घरी सांगितले असेल, घरातून पुरुषांकडे आले असेल. वाचन संपवून तो आला तेव्हा तुळसाबाई चुलीच्या उजेडात पायांना हळदतेल लावत होती.

"पोरीनं सांगतलं होतं का तुले, असं सांग म्हनून?"

"नाई."

"मंग?"

"तिच्यासाठी केलं. कोन कोनासाठी विचारून राह्यलं, काय मालूम आपल्याले?"

सुखराम खाली बसला. आवाज चढवणे त्याला जमत नसे. "मी रोज तेथी बसून गावाले वाचून दाखवतो. आज पान उलटलं अन् मले समोरचे लोक दिसले. कोनी माझ्याकडं नाई पाहून राह्यलं होतं. सारे खाली पाहून राह्यलते."

तो उठला, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेले कॅलेंडर घेतले आणि गोठ्यात जाऊन वैरणीच्या ढिगावर टाकून आला. त्यानंतर दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. जेवायला बसला की पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेई. त्याने तांब्या मागितला असता तर तुळसाबाईला बरे वाटले असते.

*

रविवारी सकाळी फोन आला. सून दीपिकाने मोबाइल पाट्याला टेकवून उभा केला. तिचा नवरा, तुळसाबाईचा मुलगा रवी, रायपूरला नोकरीला होता. बालाघाटच्याच बिरसा भागातली ही मुलगी मराठीपेक्षा हिंदीत मोकळी बोले. तिकडे शनिवारची रात्र होती. संघमित्रा स्वयंपाकघरात बसली होती. डोळ्यांखाली काळे आले होते.

"आई, तुमच्याकडं कोनी आलता का?"

"आलता. मी बराबर निभावलं. तू फिकर नको करू." तुळसाबाईच्या आवाजात चार दिवसांनी प्रथमच थोडा जोर आला होता.

"काय सांगतलं तू त्याले?"

"कुणबी सांगतलं. मैनाबाईनंही हौ म्हटलं. तिचीही सही घेतली त्यानं."

पलीकडे काहीच हालले नाही. चित्र अडकले असे वाटून तुळसाबाईने मोबाइल उचलून हलवला. पण चित्र अडकलेले नव्हते. संघमित्राच्या मागे खिडकीचा पडदा हलत होता.

"आई," ती शेवटी म्हणाली, "त्याले खरं सांगाचं होतं."

सुखराम दारात येऊन उभा राहिला होता. तो आत आला आणि बायकोच्या शेजारी बसला.

मग संघमित्राने सांगितले. वर्षभर जे घरी कळू दिले नव्हते ते सगळे तिने एकसारख्या आवाजात सांगितले. तिचा साहेब नागपूरकडचा, सासुरवाडी बालाघाटजवळच्या लालबर्र्याची. तिचे आडनाव ऐकल्यावर पहिल्याच दिवशी त्याने विचारले होते, कोणते मेश्राम. तिने शेतकरी म्हणून सांगितले. तो हसला आणि पुन्हा विचारले नाही. त्यानंतर तिने केलेले काम दुसऱ्याच्या नावावर जाऊ लागले. बैठकीची वेळ बदलल्याचे सगळ्यांना कळे, तिला कळत नसे.

"मले आधी वाटे, माझीच काही चूक असन. मंग दिवाळीचं जेवण झालं. ते आपल्या लोकाइनं हॉल घेतला ना, तेथी."

तो हॉल पूर्वी चर्च होता. तिथली कागदाची गिरणी बंद पडली, जवान माणसे कामासाठी निघून गेली, प्रार्थनेला म्हातारे तेवढे उरले आणि एके वर्षी त्यांनी इमारत विकली. संघमित्रा आता जिच्या घरी वरच्या खोलीत राहत होती ती डॉरिस, पंच्याहत्तरीची, त्याच चर्चमध्ये लहानाची मोठी झाली होती. आता ती दर बुधवारी तिथेच भारतातून आलेल्या म्हाताऱ्यांना इंग्रजी शिकवायला जाई.

"प्रत्येकानं घरून काही नेलं होतं. मी वांग्याची भाजी अन् भाकर नेली. सारे वाढून घेऊन राह्यलते. माझ्या भांड्याले कोनी हात नाई लावला. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. पन डॉरिसनं पाह्यलं. तिनं दोनदा वाढून घेतलं, तिखटानं तिच्या डोळ्यातून पानी आलं. घरी येताना गाडीत विचारते मले, तुझं कोनी का खाल्लं नाई? मी म्हटलं, तिखट होतं. तं म्हने, मला खोटं सांगू नको, मी हे ओळखते."

"तिले काय ओळखू येईन?" तुळसाबाईने विचारले.

"त्याइच्या गावात पोहाचा मोठा हौद होता. सिमेंटचा. काळ्या लोकाइले येऊ द्या म्हनून कोर्टानं सांगतलं, तं गावानं हौदच बुजवला. माती भरली पूर्ण. आता तेथी गवत आहे, मी रोज त्याच्यावरून चालत जातो. डॉरिस नऊ वर्षांची होती. म्हने, माती माझ्या बापाच्या ट्रकनं आणली होती, मी ट्रकात पुढं बसली होती."

तुळसाबाईच्या डोळ्यांसमोर हौद नव्हता, माती होती. "किती खेपा लागल्या असतीन," ती म्हणाली. "भरलेला हौद बुजवाले."

"त्यानंतर मी तक्रार केली, आई. आमच्या कंपनीच्या नियमात औंदा जात हा शब्द आला. रंग, धर्म, अन् त्याच्या बाजूले जात. सगळ्याइले बसवून समजावून सांगतलं. साहेबही बसला होता माझ्यापुढं, लिहून घेत होता. मी तक्रार केली तं तो म्हनते, ही पोरगी त्या जातीची नाईच. चार वर्षं काही बोलली नाई, आता फायद्यासाठी जात काढते. म्हनून कंपनीनं जाँच करवली. तो माणूस कोनाच्याही बाजूचा नव्हता."

"अन् नथ्थूकडं फोन कोनं केला?" सुखरामने विचारले.

"तो साहेबाच्या सासुरवाडीकडचा असन. मले नाई माहीत, बाबा. मले आता सगळ्याइचाच संशय येते."

"मंग त्याच्या कागदावर आता…" तुळसाबाई म्हणाली.

"कुणबी आहे. आई, तुझी सही आहे."

दीपिकाने तोंडाला पदर लावला. संघमित्रा म्हणाली, नोकरी गेली तर साठ दिवसांत देश सोडावा लागतो. मग म्हणाली, "पन ते नाई. परत येईन, काही करीन. मी खोटी ठरून राह्यली, आई. खरं सांगून खोटी ठरून राह्यली."

"तूच म्हटलं होतं, कॅमेरा तिकडं कर," तुळसाबाई म्हणाली. हे बोलायचे नाही असे तिने चार वर्षे ठरवले होते.

संघमित्राने तोंड बाजूला केले. "हौ," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं."

मग सुखरामने चष्मा घातला आणि विचारले, "आता काय करा लागते, ते सांग."

गुरुवारपर्यंत मुदत होती. आईने स्वतः कॅमेऱ्यासमोर खरे सांगायचे, तहसीलचा जातीचा दाखला दाखवायचा. आणि ज्या शेजारणीने सही केली, तिनेही सांगायचे. घरच्यांचे शब्द एकटे पुरणार नव्हते. "इकडून डॉरिसनं लिहून दिलं, तिनं जे पाह्यलं ते. तिकडून कोनी सांगनारं पाह्यजे. तिकडचं."

*

तुळसाबाईचे बोलणे दीपिकाने त्याच दुपारी टिपून घेतले. तसबीर मागे होती. खिळ्याच्या बाजूला कॅलेंडर चढवता-उतरवताना भिंत घासून पडलेला पांढरट पट्टा दिसत होता. सुखरामने दाखला छातीशी धरला. तुळसाबाईने एका दमात सांगितले, "मी तुळसाबाई सुखराम मेश्राम. आम्ही बौद्ध. त्याच्याआधी महार. त्या दिवशी मी खोटं सांगतलं. मी भेली होती." दीपिकाने पुन्हा एकदा घेऊ का विचारले. तुळसाबाई म्हणाली, पुन्हा बोलता येणार नाही.

मैनाबाई सोमवारी नाही म्हणाली. धुऱ्यावर उभी राहून, छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरून, सगळे ऐकून घेतल्यावर नाही म्हणाली.

"एकदा सही घेतली, आता फोटो घ्या म्हनता. तिकडच्या कोर्टात माझं नाव जाईन. हरिजन ॲक्ट, तो ॲट्रॉसिटीवाला, लागते म्हनतेत, जमानतही होत नाई."

"तुह्यावर काही नाई लागत, मैनाबाई. तुह्यावर तक्रार नाई कोनाची."

"आज नाई. उद्या?" मैनाबाईने आवाज खाली आणला. "तुहीच पोरगी मले काही म्हनन तं? शिकलेल्याइचं काय सांगता येते. अन् मी नाई म्हटलं, तं तुह्या बाया उद्या येतीन का? हे बी सांगून टाक. तीन बांध्या बाकी आहेत, पऱ्हे पिवळे पडून राह्यले."

तुळसाबाईच्या हातात जुडी होती. टोळी मागे उभी होती आणि ऐकत होती. एका शब्दाने ती मैनाबाईचा रोवणा थांबवू शकली असती. ते दोघींनाही माहीत होते, अकरा बायांनाही. तिने जुडीचा बंद सोडला, पऱ्हे पाण्यात हलवून मुळांची माती झटकली.

"रोवणा वेगळा," ती म्हणाली. "तो मी हातात घेतला, तं पुरा करून देतो. तू बोल, नाई तं नको बोलू. सकाळी सात वाजता बाया येतीन."

मंगळवारी बाया सात वाजता आल्या. बुधवारीही आल्या. मैनाबाई धुऱ्यावर उभी राही, पण आधीसारखी गमतीचे बोलत नसे. ओळ वाकडी आहे, पऱ्हे दाट पडताहेत, असे काहीबाही ती शोधत होती. बुधवारी चारच्या सुमाराला शेवटची बांधी झाली. बाया पाटात पाय धुऊ लागल्या. मैनाबाईने छत्री मिटली.

"सुनेले घेऊन ये घरी," ती तुळसाबाईकडे न पाहता म्हणाली. "फोन घेऊन."

*

ओट्यावर मैनाबाई लुगडे बदलून बसली होती, कुंकू नसलेले कपाळ पदराने झाकून. दीपिकाने मोबाइल उभा धरला. संघमित्राने पाठवलेले प्रश्न तिने कागदावर उतरवून आणले होते आणि ती हिंदीत विचारत होती. नाव. वय. मेश्रामांना किती वर्षे ओळखता.

"शादी होके आयी तब से. चाळीस बरस झाले."

"उस दिन आपने क्या कहा था?"

"झूठ कहा था. ती म्हटली, म्हनून मी म्हटली. पोरीचं भलं होईन असं वाटलं." तिने छातीवर पदर ओढला. "कुणबी आम्ही. ते बौद्ध. विहाराकडं रायतेत."

"आपको कैसे मालूम?"

मैनाबाई दीपिकाकडे पाहत राहिली. जणू पाणी ओले असते हे कशावरून, असे कोणी विचारले होते. "मालूम नाई तं काय! माझ्या सासूनं मले पयल्याच दिवशी दाखवलं. ही चूल, हे पाण्याचे हंडे, अन् ह्या लोकाइचा हा कप." ती उठली, ओट्याच्या कडेशी गेली आणि वळचणीत हात घातला. तिला तो कप पहिल्या झटक्यात सापडला नाही. काढण्याची सवय तिच्या हाताला नव्हती. तुळसाबाई खालून म्हणाली, "डाव्या अंगाला. वाशाच्या मागं." मग तो सापडला. मैनाबाईने तो दोन बोटांनी धरून मोबाइलसमोर केला.

"येह देखो. इसी में देते चहा. ह्याच्या आधी दुसरा होता, तो फुटला. आपल्या जातीचीले कोनी वळचणीतल्या कपात देते का?"

ती हे एखादी पावती दाखवावी तसे म्हणाली. तिला पुरावा हवा होता आणि पुरावा घरात होता. त्यात लाजण्यासारखे काही आहे, असे तिच्या चेहऱ्यावर कुठे नव्हते. दीपिका मात्र पुढचा प्रश्न विचारायचे विसरली. तुळसाबाई पुढे झाली, तिने मैनाबाईच्या हातून कप घेतला आणि तो स्वतः मोबाइलसमोर धरला. तुटलेल्या कानाच्या दोन खुणा तिच्या अंगठ्याखाली आल्या. त्या कुठे आहेत हे अंगठ्याला न पाहता माहीत होते.

"बस," ती दीपिकाला म्हणाली. "पाठवून दे."

पाठवायला वेळ लागला. रेंज यावी म्हणून दीपिका रस्त्यापर्यंत गेली. तिकडे सकाळ झाली असणार. ती परत आली आणि मोबाइल सासूपुढे धरला. संघमित्राने तीन शब्द लिहिले होते आणि त्यांच्याखाली आणखी दोन. पहिले तीन होते, 'आई, पाह्यलं मी.' खालचे दोन होते, 'जय भीम.' चार वर्षांत मोबाइलवर मुलीने ते प्रथमच लिहिले होते.

"तू घरी चाल, तुह्या सासऱ्याची वाचनाची वेळ झाली," तुळसाबाई म्हणाली. "त्याइले दाखव आधी."

दीपिका गेली. पावसाची सर पुन्हा आली होती आणि पत्र्यावर वाजत होती.

"बस, चाय मांडतो," मैनाबाई म्हणाली. काम संपले की ती हे नेहमीच म्हणे.

तुळसाबाई ओट्याच्या कडेला बसली. पायांच्या बोटांमध्ये आता जळजळू लागले होते. कप तिच्या मांडीवर होता. साहेब काय म्हणेल, कंपनी काय मानेल, काही सांगता येत नव्हते. मैनाबाई उद्या गावात काय सांगत फिरेल, तेही सांगता येत नव्हते.

मैनाबाई पदराने धरलेले पातेले घेऊन बाहेर आली. सवयीने तिची नजर वळचणीकडे गेली, मग तुळसाबाईच्या मांडीवर आली.

"धर वो कप."

तुळसाबाईने कप उचलला नाही. "ह्याच्यात नाई पेत मी आता."

"मंग कायच्यात पेशीन?"

"ते तू पाय. चाय तू केली."

मैनाबाई पातेले धरून उभी राहिली. पदरातून चटका लागत असावा; तिने हात बदलला. दोघी एकमेकींकडे पाहत होत्या, त्या दिवशी धुऱ्यावर पाहिले होते तशाच. मग मैनाबाई वळली आणि आत गेली.

आत भांड्यांचा आवाज होऊ लागला. काहीतरी काढले जात होते, काहीतरी पुन्हा ठेवले जात होते. त्याला फार वेळ लागत होता. कप मांडीवर तसाच ठेवून, ती काय घेऊन बाहेर येते याची वाट पाहत, तुळसाबाई दाराकडे तोंड करून बसून राहिली.